घोड्याने वाचलेली भाषा

मनुष्य केवळ तोंडाने बोलतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु आपल्या मराठी भाषेकडेच थोडे लक्ष देऊन पाहिले, तर ही समजूत अपुरी आहे, असे दिसून येईल. राग आला की माणूस डोळे वटारतो. न आवडलेल्या पदार्थाकडे पाहून तो नाक मुरडतो. काळजीत पडला की त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. नवल वाटले की तो तोंडात बोट घालतो, लाज वाटली की मान खाली घालतो, आणि नकोशा झालेल्या सोबत्याकडे पाठ फिरवतो. हे सारे वाक्प्रचार शरीराच्या हालचालींवरून तयार झालेले आहेत. ओठ मिटलेले असले तरी शरीर गप्प बसत नाही, ही गोष्ट सामान्य माणसांनी फार पूर्वीच हेरून ठेवली होती.

शरीराच्या ह्या अबोल भाषेचे दोन भाग पडतात. पहिला भाग जाणूनबुजून केलेल्या खुणांचा. चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस हात आडवा करून गाड्या थांबवतो. क्रिकेटच्या मैदानावर पंच एक बोट वर करतो आणि फलंदाज मुकाट्याने माघारी वळतो. आजारी माणसाच्या खोलीत धावत येणाऱ्या मुलाला आई ओठांवर बोट ठेवून सावध करते. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली हात घालून, एकमेकांची बोटे दाबून बैलाचा भाव ठरवण्याची रीत महाराष्ट्रात पूर्वापार होती. जवळ उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाला आकडा कळू नये, हा तिचा हेतू. अशा खुणा करणाऱ्याला आपण काय सांगत आहोत, हे पक्के ठाऊक असते.

दुसरा भाग अधिक नवलाचा आहे. परीक्षेचा निकाल घेऊन एखादी मुलगी घरी येते. ती अजून एक शब्दही बोललेली नसते. परंतु तिने चपला कशा काढल्या, दप्तर कसे ठेवले, पाणी पिताना ती कोणाकडे पाहात होती, एवढ्यावरूनच आजी निकाल ओळखते. मुलीने तो सांगण्याचे ठरवलेले नसते. आणि “आजी, तुला कसे कळले?” असे विचारले, तर आजीलाही नीट उत्तर देता येत नाही. सांगणारीला आपण सांगत आहोत ह्याची जाणीव नाही, आणि वाचणारीला आपण नेमके काय वाचले ह्याचा पत्ता नाही. तरीही निरोप बिनचूक पोहोचतो.

ह्या दुसऱ्या भागाची दखल आपल्याकडील जुन्या नाट्याचार्यांनीही घेतली होती. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी सात्त्विक प्रकारात घाम फुटणे, अंगावर रोमांच उभे राहणे, थरथर कापणे, डोळे पाणावणे, आवाज बदलणे, चेहऱ्याचा रंग उतरणे अशा गोष्टी येतात. हात वर करावा असे मनात आणले की तो वर होतो. परंतु घाम यावा असे मनात आणल्याने घाम येत नाही. त्यासाठी मनच त्या भावनेने भरून जावे लागते.

नकळत बोलली जाणारी ही भाषा किती सूक्ष्म असू शकते, ह्याचा एक विलक्षण पुरावा मात्र कोणा नटाने अथवा पंडिताने दिलेला नाही. तो दिला एका घोड्याने.

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील बर्लिन शहरात विल्हेल्म फोन ओस्टेन नावाचे एक वृद्ध गृहस्थ राहात असत. ते पूर्वी शाळेत शिक्षक होते. जनावरांनाही माणसाप्रमाणे विचार करता येतो, त्यांना फक्त धीराने शिकवणारा कोणी भेटत नाही, असे त्यांचे ठाम मत होते. ते सिद्ध करण्यासाठी त्यांनी हान्स नावाचा आपला घोडा विद्यार्थी म्हणून निवडला. घराच्या फरसबंद अंगणात फळा, मणी ओवलेली पाटी आणि लाकडी खुंट्या मांडून ते त्यास अंक शिकवू लागले. बरोबर उत्तर आले की गाजर किंवा पावाचा तुकडा मिळे. अशी सुमारे चार वर्षे गेली.

हान्सला बोलता येत नव्हते. म्हणून तो पुढच्या पायाचा खूर जमिनीवर आपटून उत्तर देई. उत्तर पाच असेल तर पाच टापा, अकरा असेल तर अकरा. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार तर त्याला येतच. पण अपूर्णांकांचीही भीती वाटत नसे. आधी अंशाच्या टापा, मग छेदाच्या टापा, अशी त्याची पद्धत होती. महिन्याची आठ तारीख मंगळवारी आली तर त्यानंतरच्या शुक्रवारी कोणती तारीख येईल, असे विचारले की हान्स अकरा टापा देऊन थांबे. मान हलवून तो होय किंवा नाही असेही सांगे.

1904 साली ह्या घोड्याची कीर्ती सर्वत्र पसरली. ‘शहाणा हान्स’ पाहावयास अंगणात गर्दी लोटू लागली. फोन ओस्टेन एक पैसाही घेत नसत. तरीही पुष्कळांच्या मनात संशय होताच. ह्यात काहीतरी हातचलाखी असली पाहिजे, मालक गुपचूप खूण करीत असला पाहिजे, असे ते म्हणत. अखेर कार्ल श्टुम्फ ह्या नामांकित मानसशास्त्रज्ञांसह तेरा जणांची एक समिती बसली. तिच्यात शिक्षक होते, जनावरांचे डॉक्टर होते, प्राणिसंग्रहालयाचे संचालक होते आणि प्राण्यांना खेळ शिकवण्यात मुरलेले सर्कसचे एक चालकही होते. सप्टेंबर 1904 मध्ये समितीने निकाल दिला की, येथे कसलीही लबाडी दिसत नाही. मालक जवळ नसताना परक्या माणसाने प्रश्न विचारला, तरी घोडा बहुधा बरोबर उत्तर देत असे. मग लबाडी म्हणावी तरी कोणाची?

परंतु लबाडी नाही एवढ्यावरून घोड्याला गणित येते, असे ठरत नाही. श्टुम्फ ह्यांचे तरुण सहकारी ऑस्कर फुंगस्ट ह्यांनी हे कोडे सोडवण्याचे काम हाती घेतले. त्यांनी प्रश्न अवघड केले नाहीत. प्रश्न विचारण्याची रीत तेवढी बदलली. त्यांनी पत्त्यांवर अंक लिहिले. एका प्रकारात पत्त्यावरचा अंक प्रश्न विचारणाऱ्यास ठाऊक असे. दुसऱ्या प्रकारात तो स्वतः पत्ता न पाहताच घोड्यासमोर धरी. पहिल्या प्रकारात हान्स क्वचितच चुकला. दुसऱ्या प्रकारात तो क्वचितच बरोबर आला.

आणखी एक परीक्षा झाली. घोड्याच्या कानात एकाने एक अंक हळूच सांगावयाचा, मग दुसऱ्याने दुसरा अंक सांगावयाचा आणि हान्सने दोहोंची बेरीज करावयाची. दोन्ही अंक ठाऊक असलेले माणूस तेथे एकही नाही. ते ठाऊक फक्त घोड्यास. खरोखरच गणित येत असते तर हान्सला हे मुळीच कठीण नव्हते. पण तो गोंधळून गेला. पुढे त्याच्या डोळ्यांच्या बाजूला मोठी झापडे बांधली, तेव्हा उत्तरे चुकू लागलीच; शिवाय मान वळवून, धडपड करून, प्रश्न विचारणारा कसा दृष्टीस पडेल, ह्यासाठी त्याचा सारा आटापिटा चालला. फळ्याकडे पाहण्याची मात्र त्याला एवढी गरज वाटत नसे.

आता फुंगस्ट ह्यांनी घोड्यावरची नजर काढून ती माणसांवर वळवली, आणि कोडे सुटले. प्रश्न विचारून झाला की माणूस घोड्याच्या पायाकडे पाहण्यासाठी किंचित पुढे वाकतो. हान्स टापा देऊ लागे तो हे वाकणे पाहून. टापांची संख्या उत्तराच्या जवळ येऊ लागली की विचारणाऱ्याच्या अंगातील ताण वाढतो. आणि अपेक्षित टाप पडताच तो ताण सुटून त्याचे डोके अगदी थोडे वर उचलले जाते. ही हालचाल इतकी बारीक असे की, शेजारी उभ्या असलेल्या लोकांना ती दिसत नसे, आणि करणाऱ्याच्या तर ती गावीही नसे. हान्सला ती दिसे. डोके वर झाले की तो थांबे. फोन ओस्टेन रुंद काठाची टोपी घालीत. त्यामुळे डोक्याची बारीकशी हालचालही टोपीच्या काठावर अधिक मोठी होऊन दिसे.

ह्याचा ताळा पाहण्यासाठी फुंगस्ट ह्यांनी उलट प्रयोग केला. कोणताही प्रश्न न विचारता ते नुसतेच थोडे वाकून उभे राहिले. हान्स टापा देऊ लागला. ते सरळ झाले. हान्स थांबला. गंमत अशी की, हे सारे रहस्य समजल्यावरही, खराखुरा प्रश्न विचारताना आपले डोके स्थिर ठेवणे फुंगस्ट ह्यांना फार जड गेले. पुढे प्रयोगशाळेत त्यांनी स्वतःच हान्सची भूमिका घेतली. समोरच्या व्यक्तीने एखादी संख्या मनात धरावयाची, आणि ह्यांनी हाताने टेबलावर टकटक करीत तिच्या चेहऱ्याकडे व डोक्याकडे पाहावयाचे. बहुतेक सर्वांनी मनातील संख्या येताच नकळत तीच हालचाल केली. ह्या सर्व अभ्यासावरील फुंगस्ट ह्यांचे पुस्तक 1907 साली प्रसिद्ध झाले.

बिचाऱ्या फोन ओस्टेन ह्यांना हा निर्णय पटला नाही. चार वर्षांच्या कष्टांवर असे पाणी पडल्यावर तो पटावा तरी कसा? 1909 साली ते वारले. वास्तविक फुंगस्ट ह्यांच्या शोधाने त्यांचा घोडा गणिती नाही असे ठरले, तरी ते स्वतः लबाड नाहीत हेही पूर्णपणे सिद्ध झाले होते. त्यांनी कोणाला फसवले नव्हते. त्यांच्या शरीराने त्यांना न विचारता उत्तरे सांगून टाकली होती, इतकेच.

मग हान्स मूर्ख होता काय? तसेही नाही. जे तेरा जाणत्या माणसांना दिसले नाही, ते त्याने पाहिले. त्याला अंकगणित येत नव्हते, परंतु माणसे वाचता येत होती.

ह्या गोष्टीत घोडा एक असला, तरी तिचा अनुभव प्रत्येक घरात आणि प्रत्येक वर्गात येतो. एका मुठीत चिंचोका लपवून ‘कोणत्या मुठीत?’ असा खेळ मुले खेळतात. लपवणारा कितीही साळसूद चेहरा करो, समोरच्याचे बोट खऱ्या मुठीजवळ आले की त्याचा श्वास पळभर थांबतो, आणि चाणाक्ष मूल ते ओळखते. येथे फक्त खेळ असतो. वर्गात मात्र हीच गोष्ट महागात पडते. गुरुजी विचारतात, “सात आठे किती?” मुलगा उभा राहतो, गुरुजींच्या तोंडाकडे पाहतो आणि चाचरत म्हणतो, “चौपन्न...” गुरुजींच्या भुवया किंचित वर चढतात. “पंचावन्न...” भुवया तशाच. “छप्पन्न!” गुरुजींचा चेहरा सैल होतो, मुलगा खाली बसतो, आणि उत्तर बरोबर आले असे दोघांनाही वाटते. वास्तविक त्या मुलाने पाढा पाठ केलेला नाही. त्याने गुरुजींचा चेहरा पाठ केला आहे. परीक्षेच्या कोऱ्या कागदाला भुवया नसतात. त्या दिवशी त्याची गत झापडे बांधलेल्या हान्ससारखी होते.

मनातील अपेक्षा अशी नकळत बाहेर पडते, हे एकदा समजल्यावर शास्त्रज्ञ स्वतःविषयीच सावध झाले. आज नव्या औषधाची काटेकोर परीक्षा घ्यावयाची असते, तेव्हा रोग्यांच्या एका गटाला औषध देतात आणि दुसऱ्या गटाला पुष्कळदा तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी देतात. कोणाला काय दिले, हे रोग्याला सांगत नाहीत. एवढेच नव्हे, तर रोग्याला तपासणाऱ्या डॉक्टरलाही ते कळू देत नाहीत. डॉक्टर प्रामाणिक नाहीत असे नव्हे. परंतु प्रामाणिक माणसाचा चेहरा आणि आवाजही बोलतो, आणि त्याची आशा त्याच्या नजरेला रंग देते.

अमेरिकेतील रॉबर्ट रोझेन्थाल आणि कर्मिट फोड ह्या मानसशास्त्रज्ञांनी 1963 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना त्यांनी उंदीर दिले आणि ते वाट शोधावयास शिकवण्याचे काम सांगितले. तुमचे उंदीर हुशार वंशाचे आहेत, असे काहींना सांगितले. तुमचे मंद वंशाचे आहेत, असे इतरांना सांगितले. वास्तविक सारे उंदीर सारखेच होते. तरीही ‘हुशार’ म्हणून दिलेले उंदीर अधिक चांगले शिकले. ज्यांना आपला उंदीर हुशार वाटला, त्यांनी त्याला अधिक प्रेमाने हाताळले होते. उंदराला माणसाची भाषा कळत नाही. हाताचा स्पर्श मात्र कळतो.

माणसांच्या बाबतीत हा परिणाम किती होतो, ह्याविषयी विद्वानांत बराच वाद झाला आहे. शिक्षकांच्या अपेक्षेचा मुलांच्या अभ्यासावर होणारा परिणाम बहुधा लहान असतो, असे दिसून आले आहे. परंतु तो मुळीच नसतो, असे मात्र नाही. आणि अभ्यास बाजूला ठेवला, तरी रोजच्या वागण्यात ही गोष्ट डोळ्यांनी पाहता येते. वर्गात नवा मुलगा येतो. कोणी त्याला वाईट शब्द बोलत नाही. परंतु तो बाकाजवळ येताच एक मुलगा दप्तर उचलून सरकतो आणि जागा करून देतो. दुसऱ्या बाकावरचा मुलगा दप्तर तसेच ठेवून खिडकीबाहेर पाहू लागतो. नव्या मुलाला दोन्ही निरोप मिळालेले असतात. दुसऱ्या मुलाने आपण काही बोललोच नाही, असे कितीही म्हटले, तरी ते खरे नसते.

येथवर वाचून कोणालाही असे वाटेल की, आता माणसांचे चेहरे वाचावयास शिकले म्हणजे त्यांच्या मनातील सर्व काही उघड होईल. तशी पुस्तकेही बाजारात पुष्कळ मिळतात. हाताची घडी घातली म्हणजे मन बंद आहे, नजर चुकवली म्हणजे माणूस खोटे बोलत आहे, असे सोपे नियम त्यांत असतात. परंतु हान्सची गोष्ट नीट आठवली पाहिजे. हान्सला कधी थांबावे हे कळत होते; बेरीज काय होती, हे कळत नव्हते. शरीर एवढेच सांगते की, आत काहीतरी हलले. ते का हलले, हे ते सांगत नाही. हाताची घडी घालणारा माणूस रुसलेला असेल, किंवा त्याला नुसती थंडी वाजत असेल.

एक प्रसंग कल्पनेने पाहू. शाळेच्या खिडकीची काच फुटली आहे. मुख्याध्यापक एका मुलाला बोलावून विचारतात. मुलगा वर पाहात नाही, पायाच्या अंगठ्याने जमीन कोरीत राहतो. ‘मान खाली घातली, म्हणजे ह्यानेच काच फोडली,’ असे बघणाऱ्यास वाटते. परंतु ज्या घरात वडीलधाऱ्यांशी बोलताना नजर खाली ठेवावी असे शिकवले आहे, त्या घरच्या मुलाची मान आदराने खाली गेलेली असते. कदाचित तो भ्याला असेल. कदाचित काच कोणी फोडली हे त्याला ठाऊक असेल आणि मित्राचे नाव घेणे त्याला जड जात असेल. आदर, भीती, संकोच आणि अपराध ही चार वेगवेगळी मने. मान मात्र एकाच प्रकारे खाली जाते. केवळ मानेवरून निकाल दिला, तर निरपराधास शिक्षा होण्याचा संभव आहे.

ही भीती उगीच नाही. माणूस खोटे बोलत आहे की खरे, हे त्याच्याकडे पाहून व त्याचे बोलणे ऐकून किती जणांना ओळखता येते, ह्याविषयी जगभर पुष्कळ प्रयोग झाले. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो ह्या संशोधकांनी 2006 साली असे दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले. लोकांचे निर्णय 100 पैकी सुमारे 54 वेळा बरोबर निघाले. नाणे उडवून छापा-काट्यावर निकाल दिला असता, तरी तो 100 पैकी सुमारे 50 वेळा बरोबर आला असता. म्हणजे ‘मला चेहऱ्यावरून खोटे ओळखता येते’ असे छातीठोकपणे म्हणणाऱ्याचे ज्ञान नाण्यापेक्षा फारसे पुढे नसते.

त्यातून प्रदेशाप्रमाणे खुणाही बदलतात. बल्गेरिया देशात मान खाली-वर हलवली तर रूढीप्रमाणे तिचा अर्थ ‘नाही’ असा होतो, आणि आडवी हलवली तर ‘होय’ असा होतो. आपल्याकडे मान किंचित दोन्ही बाजूंना डोलावून ‘बरे’, ‘चालेल’, ‘ऐकतो आहे’ असे कितीतरी अर्थ सांगितले जातात. परदेशातून आलेल्या पाहुण्याला मात्र हा होकार की नकार, हे समजत नाही. दोघे आपापल्या परीने स्पष्टच बोलत असतात, तरी गैरसमज होतो.

तेव्हा ह्या अबोल भाषेशी कसे वागावे? ती वाचूच नये, असे म्हणता येत नाही. आणि म्हटले तरी डोळे ऐकत नाहीत. शिवाय ती न वाचल्याने पुष्कळ नुकसानही होते. मधल्या सुट्टीत रोज डबा खाणारी मैत्रीण चार दिवस डबा न उघडता बसते, ‘मला भूक नाही’ म्हणते आणि हसते. तिचे शब्द ऐकणारे दहाजण असतात. ज्या एका मुलीला ते हसणे नेहमीचे वाटत नाही, तिनेच पुढे व्हावयाचे असते. मात्र तिने मनाशीच कारण ठरवून ते वर्गभर सांगू नये. घरी कोणी आजारी असेल, भांडण झाले असेल, डब्यात घालावयास काही नसेल, किंवा खरोखरच पोट दुखत असेल. शरीराने फक्त दार वाजवले आहे. आत काय आहे, ते शब्दांनीच विचारले पाहिजे. तेही चारचौघांत नव्हे, तर तिच्याशेजारी बसून, हलक्या आवाजात. विचारूनही तिने सांगितले नाही, तर तो तिचा अधिकार आहे. आपल्या डब्यातील अर्धी पोळी तिच्यापुढे सरकवण्यास मात्र कोणाच्या उत्तराची वाट पाहावी लागत नाही.

आणि स्वतःच्या शरीराविषयी काय करावे? आरशासमोर उभे राहून चेहरा कह्यात ठेवण्याची सवय पुष्कळजण करतात. नटाला ती करावीच लागते. परंतु रोजच्या जीवनात डोक्याच्या आणि भुवयांच्या प्रत्येक हालचालीवर पहारा ठेवणे कोणालाही साधत नाही. रहस्य ठाऊक असूनही फुंगस्ट ह्यांना ते साधले नाही. ज्याच्या मनात शेजाऱ्याविषयी तुच्छता आहे, त्याचे शब्द कितीही गोड असोत, दप्तर सरकवताना त्याचा हात आखडतोच. ज्याला शेजारी खरोखर आपला वाटतो, त्याला खुणांचा अभ्यास करावा लागत नाही. जागा आपोआप होते. म्हणून चेहऱ्याची तालीम करण्यापेक्षा मनातील मत तपासून पाहणे हे काम अधिक सोपे नसले, तरी अधिक उपयोगाचे आहे.

स्वाध्याय

1. एकदोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) हान्स आपली उत्तरे कशी देत असे?
(आ) 1904 सालच्या समितीने कोणता निकाल दिला?
(इ) नाट्यशास्त्रात सांगितलेले अभिनयाचे चार प्रकार कोणते?

2. कारणे द्या.
(अ) झापडे बांधल्यावर हान्सची उत्तरे चुकू लागली.
(आ) औषधाची परीक्षा घेताना कोणाला कोणती गोळी दिली, हे डॉक्टरलाही कळू देत नाहीत.
(इ) फुंगस्ट ह्यांच्या शोधाने फोन ओस्टेन लबाड नाहीत, हे सिद्ध झाले.

3. ‘हान्सला अंकगणित येत नव्हते, परंतु माणसे वाचता येत होती.’ ह्या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे पाच-सहा वाक्यांत स्पष्ट करा.

4. काच फुटल्याच्या प्रसंगी मुख्याध्यापकांच्या जागी तुम्ही असता, तर त्या मुलाला काय विचारले असते? कोणत्या शब्दांत?

5. डोळे, नाक, कान, हात आणि पाय ह्या अवयवांवरून झालेले प्रत्येकी दोन वाक्प्रचार लिहा. त्यांपैकी कोणत्या वाक्प्रचारांतील हालचाल मुद्दाम केलेली असते आणि कोणत्यांतील नकळत होते, ते सांगा.

6. उपक्रम : घरातील दोन माणसे बोलत असताना, त्यांचे शब्द कानांवर येणार नाहीत इतक्या अंतरावरून पाच मिनिटे त्यांच्याकडे पाहा. त्यांचे काय चालले असावे, ते वहीत लिहा. नंतर त्यांनाच विचारा, आणि तुमचा तर्क कोठे बरोबर होता व कोठे चुकला, ते त्याच पानावर नोंदवा.